सातव्या डेकचं पोक

टुर्कूच्या गोदीत फेब्रुवारीत
उजाडतं नऊला, तेही नाइलाजाने.
यंत्र सुरू करण्याआधी मी अंगठी काढते,
डब्यात ठेवते, राईच्या पावाशेजारी.
नियमच आहे : बोटात धातू नको.
न शिवता तापवणारं यंत्र हे,
त्याला लोखंड आणि लग्न यांतला फरक कळत नाही.

वेल्डिंग झालं की पत्रा रुसतो.
शिवणीपाशी आखडतो, मधेच फुगतो,
दोन पट्ट्यांमधून पोट सुटल्यासारखा.
सहा मिलिमीटरचं पोलाद आणि नखरे रेशमाचे.
उद्या यावर गालिचा येईल, कुणाला दिसणारही नाही,
पण मोजणीवाला सरळ पट्टी घेऊन येतो
आणि पट्टीखालून उजेड निसटला की सही करत नाही.

पूर्वी हे काम वेइयो रुओहोनेनचं.
एका हातात ज्योत, दुसऱ्यात पाण्याची नळी.
तापव, विझव, हात ठेव. तापव, विझव.
खालच्या मजल्यावर ताजा रंग जळायचा
आणि शिडीवरच्या आइराच्या शिव्या
दोन डेक चढून वर यायच्या.
आता रंग क्वचितच जळतो.
आइराही निवृत्त झाली.

आज तो बघायला आलाय.
फाटकावर विचारलं, छातीत काही यंत्र?
आहे. गेल्या शरदात बसवलं,
हृदयाला ठोक्यांची आठवण करून देणारं.
मग सुरक्षेच्या पोराने पिवळी रेष दाखवली :
आजोबा, याच्या पुढे यायचं नाही.
चाळीस वर्षं जाळाशी खेळलेला माणूस
जिथे जाळच नाही
तिथून तीन मीटर लांब उभा.

मी कळ दाबते.
डासासारखी एक बारीक गुणगुण,
तीही त्याच्यापर्यंत पोचत नाही,
हातोड्याने त्याचे कान कधीच नेलेत.
पत्र्याच्या पोटात मात्र विजेचे भोवरे फिरू लागतात,
पोलाद आतल्या आत तापत जातं,
जसा माणूस तापतो
जुनं काही आठवून,
समोरचं कुणी काही बोललेलं नसताना.

तापलेल्याला पसरायचं असतं.
भोवतालचं थंड पोलाद जागा देत नाही.
मग ते जागच्या जागी जाड होतं, मुकाट्याने,
आणि निवताना
सगळा पत्रा स्वतःकडे ओढून घेतं.
एवढंच शास्त्र.
वेइयोला ते हातांनी माहीत होतं.

"थांब!"
रेषेपलीकडे तो गुडघ्यांवर बसलाय,
गाल जवळपास डेकला टेकवून,
दिव्याची तिरीप वाचत.
"डावीकडे. चार बोटं. तिथे उजेड वाकतोय."
माझ्या पडद्यावर तिथे काहीच नाही.
तो खिशातून खडू काढतो, भिरकावतो,
खडू घरंगळत माझ्या बुटापाशी येतो.
मी रेघ ओढते. यंत्राचं डोकं चाकांवरून सरकवते.
कळ. गुणगुण. सोळा सेकंद.

भोवतीचं दव वितळून ओला गोल पडतो.
आम्ही थांबतो.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा, टक्.
"बोलला का?" तो विचारतो.
मी दोन बोटं वर करते.

यंत्र बंद करून, केबलही उपसून
मी त्याला बोलावते.
हातमोजा काढून तो तळवा टेकवतो,
भाजल्याच्या जुन्या खुणांनी गुळगुळीत झालेला.
बराच वेळ. मोजणीवाल्यापेक्षा जास्त वेळ.
"आमच्यापेक्षा बरं," म्हणतो.
मग जरा थांबून :
"पण बघायला काहीच नाही गं यात."

उठताना माझा खांदा धरतो.
पत्र्याचं पोक गेलं.
पाठीवरचं घेऊन तो शिडी उतरतो,
खडू परत मागत नाही.

सुट्टीत डबा उघडते. पाव दगड झालाय,
अंगठी त्याहून गार.
बोटात सारताना
दर खेपेला वाटतं,
आज थोडी आखडली.