सुलट

नारायण पेठेत, ओगल्यांच्या छापखान्यात
तात्या खळदकर एकेचाळीस वर्षं उलटं वाचत होते,
आरशातलं वाचावं तसं, भरभर.

मी प्रुफं तपासायचे.
'पाणी'ची वेलांटी मोडलीय, म्हटलं,
की चिमट्यानं खिळा उपटून दुसरा बसवायचे
आणि वर ऐकवायचे,
"बाई, वेलांटीची मान नाजूक.
लेखकाला सांगा, जपून लिही."
चार वाजता सगळ्यांना गुळाचा खडा.
शिशावर उतारा म्हणे.

फर्मा छापून झाला की सोडायचा.
सहाव्या प्रकरणात मेलेली सासू
खणाखणांत जाऊन पडायची,
स वेगळा, काना वेगळा,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच काना-मात्रांतून
कुणाची तरी लग्नपत्रिका उभी.
दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी,
म्हणून ओगले एकदमच दोन हजार काढायचे.
जिन्याखाली, पलंगाखाली, देवघरातसुद्धा
न खपलेले गठ्ठे.
जुन्या चुका जायच्या. नव्या यायच्या.

मग प्लेट आली.
पातळ पत्रा, गुंडाळून काखेत मारावा असा.
तात्यांनी ती खिडकीपाशी नेऊन धरली.
अक्षरं सुलट होती.
कुणालाही वाचता येतील अशी.
त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं,
बोलले काहीच नाहीत.

खिळे किलोवर गेले.
ओगल्यांचा नातू आता तीनशेच काढतो,
संपली की आणखी शंभर.
जिना मोकळा झाला.
कवितांचं पुस्तकही निघतं हल्ली;
थोरले ओगले कवीला चहा पाजून
दारातूनच वाटेला लावायचे.
वाईट आहे असं मी म्हणत नाही.
फक्त 'दिर्घ' तसाच राहतो
पाचव्या आवृत्तीपर्यंत.

अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीत चहाची टपरी आहे.
तिच्या पाठीला वापरलेल्या प्लेटा:
बारावीचं रसायनशास्त्र, सोळा पानं,
वाफेनं पिवळी पडलेली.
तात्या सकाळी तिथेच उभे असतात.
परवा मला हाक मारली,
"बाई, पान एकशे बारा. खालून तिसरी ओळ."
खरंच, वेलांटी ऱ्हस्व पडली होती.
त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला,
जिथे चिमटा असायचा.
मग बोट सरकत गेलं पत्र्याच्या कोपऱ्यापर्यंत,
जिथे तो फळीला ठोकलाय.
"खिळा लागलाच की शेवटी," म्हणाले.

चहा निवला होता. तसाच प्यायले.