थांबलेली कात्री

विल्नियसमध्ये फेब्रुवारी. नेरिस नदी काठाकाठानं गोठलेली.
चार अंशांच्या खोलीत, अंगावर दोन स्वेटर,
स्किर्मान्ते एकेक थेंब भिंगाखाली सरकवते.
तीनशे बारा थेंब नुसते गढूळ.
तीनशे तेराव्यात
खडीसाखरेच्या कणीहून बारीक काहीतरी
उजेड वाकडा करतं.

ती ओरडत नाही. वहीत वेळ लिहिते.

कुर्शियू खाडीच्या गाळातल्या एका जिवाणूची ही कात्री.
दोन सारखे अर्धे, ओंजळीसारखे समोरासमोर,
मधल्या खोबणीत डीएनएची दोरी.
बहुतेक वेळ ती नुसती घसरते,
ओळीवरून बोट न उचलता वाचणाऱ्या पोरासारखी.
मग सहा अक्षरं येतात: जी ए टी ए टी सी.
या धाग्यावर डावीकडून, त्या धाग्यावर उजवीकडून
तेच. चिमा काय कामाची.
दोन्ही अर्ध्यांना एकच शब्द ऐकू येतो
आणि ओंजळ मिटते.
दोरी मधोमध वाकते, मोडेल की काय इतकी.
जी वाकत नाही, तिच्यापाशी पातं पोचतच नाही.

(आणि जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांत तीच अक्षरं आली तर?
तिथं त्यानं आधीच तीट लावून ठेवलेली असते,
एक कार्बन, तीन हायड्रोजन.
तेवढ्या ठिपक्यावरून हात मागे फिरतो.)

कापायला मॅग्नेशियम लागतं.
स्किर्मान्तेनं दिलं कॅल्शियम,
दिसायला भाऊ, कामाला परका.
म्हणून कात्री शब्द धरून बसलीय,
कापत नाही,
सोडतही नाही.

मार्चमध्ये कणी हाम्बुर्गला गेली, किरणांत फिरली,
परत आले नुसते आकडे.
आकड्यांतून पडद्यावर निळी जाळी उमटली
त्या दिवशी वडील आले होते, डोळे तपासायला, रुस्नेहून.
वायदोतास. चाळीस वर्षं जाळी विणली, सांधली.
खुर्ची पुढं ओढून बसले.
"वीण कुणाची?"
"कुणाचीच नाही. घडी आपोआप पडते."
त्यांनी मान हलवली, पटलं नव्हतं.
मग पडद्यावर नख टेकवलं:
"इथं फाटलंय."

फाटलेलं नव्हतं. तेवढा फास
सतत हलत असतो, म्हणून चित्रात येत नाही.
पुढच्या खेपेला तो छाटून टाकायचं ठरलं होतं,
स्फटिक अजून नेटके येतील म्हणून.

वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"ताठ भाग मासा धरतो गं.
पण तो आत येतो
सैल भागातून."

ते गेल्यावर चहा तसाच राहिला.
खिडकीबाहेर कुणीतरी बर्फावर वाळू टाकत होतं.
स्किर्मान्तेनं वही उघडली,
'अनावश्यक' या शब्दावर
एक रेघ मारली, बारीक,
खालचं वाचता येईल अशी.