माया

टोलिडोच्या दवाखान्यातून कागद घेऊन आले.
सर्जनचे अकरा हजार चारशे.
भुलीचे वेगळे, खोलीचे वेगळे.
आवळपट्टे दोन, एक धुण्यात असताना दुसरा,
त्यांचे तीनशे दहा.
विम्याची बाई फोनवर म्हणाली,
हे सौंदर्यात मोडतं.

सौंदर्यात!
चौसष्ट किलो उतरवले मी,
अन् मागे उरलेली कातडी
रोज सकाळी पँटमध्ये खोचते
निऱ्या खोचाव्यात तशी.
घडीखाली पावडर, तरी जुलैत पुरळ येतंच.

विजेच्या बिलाच्या पाकिटावर
सुहृद आकडे मांडतो.
टायर यंदा नकोत. भारतात जाणं नको.
"तीन आठवडे बिनपगारी, ते धरलेच नाहीस."
तो धरतो.
पेन्सिल कानामागे अडकवून म्हणतो,
"पोट या मार्चला. पाठ पुढच्या."
जणू मी स्वयंपाकघर आहे,
आधी ओटा, मग फरशी.

मिरजेला रेळेकर शिंपी
माप घेताना विचारायचे, "माया किती ठेवू?"
आई म्हणायची, "चांगली दोन बोटं ठेवा,
पोर अंगानं भरतीय."
भरली पोर.
उसवत उसवत पार काठाला टेकली.

परवा सर्जनबाईंनी जांभळ्या पेनाने
कमरेभोवती रेघ ओढली.
इथपासून इथपर्यंत जाईल, म्हणाल्या.
"थोडी माया ठेवा,"
माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

त्यांना वाटलं, दुखलं.
पेन उचलून सॉरी म्हणाल्या.

तपासणीचे दीडशे
शेवटच्या बिलात वळते होतात.