सदर इसम

लीट्रिम परगण्यात, तळ्याकाठच्या ड्रमशेल गावी
पोलीस चौकी एक, तीही आठवड्यातून तीन दिवस उघडी,
आणि पब चार, सातही दिवस.
हा हिशेब सार्जंट अट्रॅक्टा गिलहूलीनं
बदली होऊन आली त्याच संध्याकाळी मांडला
आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

मंगळवारी मॅलकी ट्रॅव्हर्सचा निरोप समारंभ होता.
एकेचाळीस वर्षं टपाल वाटून पोस्टमन मोकळा झाला,
मोकळा म्हणजे नक्की काय, ते त्याला उमगेना,
म्हणून तो पीत राहिला.
पुतण्या केकवर बसला. डार्टचा बाण
भिंतीवरल्या बिशपांच्या नाकात रुतला,
आणि ज्यानं मारला त्यानंच आधी क्रूस केला.
कुणी भाषण केलं, कुणी मध्येच रडलं,
शेवटी बारमागची डिम्फ्ना म्हणाली, पुरे,
आणि दार उघडून तिनं सगळ्यांना बाहेर सोडलं
गोठ्यातून वासरं सोडावीत तसं.

दीडला चौकीचा फोन सार्जंटच्या उशाशी वाजला.
दाराशी कुणीतरी आहे.
मग दुसरा फोन. मग मिसेस कीव्हनी, त्या नेहमीच करतात:
"चोर आहे हो, पण हा काही नेत नाही,
आत टाकून जातोय."

चर्चच्या उतारावर गाडीच्या उजेडात तो सापडला.
एका पायात बूट. टोपी उलटी.
पिशवी दुपारीच सरकारजमा झालेली,
म्हणून खांद्यावर शेकोटीच्या पीटचं रिकामं पोतं,
आणि पोत्यात पबमधल्या पेल्यांखालच्या
पुठ्ठ्याच्या चकत्या, शे-दीडशे तरी.
एकेक दार, एकेक फट, एकेक चकती.
चुकत नव्हता. पाय चुकत होते, घरं नाहीत.

"मॅलकी, काय चाललंय हे?"
"आडवं येऊ नका, सार्जंट. आधीच उशीर झालाय."

शेजारी बसलेला कोनल, प्रशिक्षण संपवून नुकताच आलेला,
कमरेच्या बेड्या चाचपू लागला.
सगळी कलमं त्याला तोंडपाठ.
"राहू दे," ती म्हणाली. "दिवे खाली कर,
त्याला रस्ता दिसेल इतपत."

मग वरातीमागून घोडं यावं
तशी पहिल्या गिअरमध्ये पोलिसांची गाडी
आणि पुढे स्वतःच्याच सावलीवर पाय देत मॅलकी.
खिडक्यांत एकेक दिवा लागायचा,
पडदा हलायचा,
ओळखलं की पुन्हा विझायचा.

हॅनलींचं घर शेवटचं. अकरा वर्षं बंद,
मुलं पर्थला, आई डोंगरावरच्या मातीत.
फटीला गंज धरलेला. त्यानं चकती आत सारली
आणि हात तिथंच ठेवला,
आतून कुणी ओढून घेईल अशा बेतानं.
सार्जंटनं इंजिन बंद केलं.
कोनलला काहीतरी बोलायचं होतं. तो बोलला नाही.

नोंदवहीत तिनं लिहिलं:
सदर इसम, वय पासष्ट, पायी फिरताना आढळला.
सोबत पोतं एक, बूट एक.
शांततेचा भंग: नाही.
कुत्री भुंकली, ती एरवीही भुंकतात.
घरी सोडला, दूध प्यायला लावलं.

बुधवारी चौकी बंद असते.
गुरुवारी मॅलकी आला, दाढी केलेला,
"माझा एक बूट..." एवढंच म्हणाला.
तिनं कपाटावरून काढून दिला. दोघांनीही
हवामानाबद्दल थोडं वाईट बोलून घेतलं.

तो गेल्यावर दारामागच्या पायपुसण्याखाली
तिला चकती सापडली. काही लिहिलेलं नव्हतं.
फक्त पेल्याच्या बुडाचं वाळलेलं वर्तुळ,
टपालाच्या शिक्क्याएवढं,
मधली तारीख उठली नसलेलं.
चहाचा कप हातात होता.
तिनं तो टेबलावरच ठेवला.