तक्रारवही

शनिवारी चार वाजले की
वाइंडिंगच्या टेबलावरची तांब्याची तार बाजूला सारून
आमच्या कारखान्यात नाटक व्हायचं.
लातूर, एमआयडीसी, पत्र्याचं शेड,
आत कूलर बनतात आणि आत कुणीच गार नसतं.

मी फोनवर बसायचे.
आठवड्यातलं सगळ्यात जहाल बोलणं
वहीत उतरवून ठेवायचे, शब्दाला शब्द.
ते कुणीतरी कमरेवर हात ठेवून म्हणायचं
आणि मुजीब कूलर व्हायचा:
हात फाकवून, गालांत पाणी धरून
खडखडायचा, मधेच मरायचा,
मग गालातलं सगळं पाणी
नेमकं मन्मथअप्पांच्या सदऱ्यावर.

अप्पा मालक. डोळे पुसत विचारायचे,
"बाई खरं बोलली का?"
"खरंच बोलली."
"मग आजची भजी तिच्या नावानं.
अन् सोमवारी तो पंप बदला."

मुरूडच्या प्रयागबाई सुरवशांच्या नावानं
आम्ही ओळीनं तीन शनिवार भजी खाल्ली.
"तुमचा कूलर हवा टाकंना गेलाय,
निस्ते उसासे टाकलालाय,
माझ्या सासऱ्यावानी."
हे म्हणताना शकुंतला हसून खालीच बसली होती.

एका मे महिन्यात रात्री दहाला त्यांचा फोन,
मोटार जळाली, लेक बाळंत होऊन दोन दिवस.
मुजीबनं आमच्या कँटीनचाच कूलर उचलला,
एम-एटीवर मागं आडवा बांधला, आणि गेला.
सकाळी परतला तो फडक्यात धपाटी घेऊन,
शिवाय नवी तक्रार:
"कँटीनचा कूलर आमच्याहून बरा कसा? सांगा!"
सांगायला तोंड नव्हतं. त्या शनिवारी तेच नाटक केलं.

मग पुण्याहून एकजण आला.
भला माणूस, शर्टाला घाम येत नसलेला.
भिंतीवर हसऱ्या मुलीचं पोस्टर लागलं, आमच्यातली नव्हती ती.
मला हेडफोन मिळाला, फोनला तीन मिनिटं मिळाली
आणि एक वाक्य मिळालं, छापील:
"आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."
शनिवारी चारला फुगे आले.
मुजीब एक फुगा हातात धरून
खांबाला टेकून उभा, लग्नात चुकून शिरल्यासारखा.

तक्रारी निम्म्यावर आल्या.
पडद्यावरची रेघ घसरत घसरत तळाला टेकली,
टाळ्या झाल्या, केक कापला.

अप्पांनी केकला हात लावला नाही.
"प्रयागबाईचा फोन कधी आलता?"
"दिवाळीच्या आधी."
"अन् आता चैत्र संपला."
"कूलर नीट चालत असंल," कुणीतरी म्हणालं.
"आपला?" अप्पा म्हणाले. "नीट?"

कुणी हसलं नाही. मग अप्पाच म्हणाले, हळू,
पोस्टरकडं बघत:
"भांडायचं सोडलं, की माणूस गेलंच समजा.
ज्याला उद्या यायचं नसतं
तो कशाला घसा कोरडा करील?"

मी नंबर फिरवला.
पलीकडं बराच वेळ नुसता श्वास.
मग: "मागल्या खेपंला क्षमस्व म्हणलाव तुम्ही.
मला वाटलं, कारखाना इकला."
"नाही हो, मावशी."
"दुसऱ्या कंपनीचा बघून आलेव काल. स्वस्त हाय.
वर जग फुकट.
माणसं लई गोड बोलत्यात.
कुणीच इचारलं न्हाई, कुठं ठिवणार, कोण झोपतं तिथं."
थांबल्या.
"पैसे दिले न्हाईत अजून."

मी हेडफोन काढला.
टेबलाच्या खणात, पावत्यांखाली,
वही होती. रिफिल चालेना, तळव्यावर घासली.
"मावशी, कूलरला काय झालंय? सावकाश सांगा."

त्यांनी दम घेतला,
पदर खोचल्याचं मला ऐकू आलं,
शपथेवर सांगते.
तीन मिनिटं गेली. सहा गेली. अकराव्या मिनिटाला
सासरा आला.

मी मान वर केली.
वार मंगळवार होता.
दारात मुजीब उभा, हात फाकवून,
गाल केव्हाचे भरलेले.