अंगठा चालत नाही

संध्याकाळी सात ते नऊ लोक फोन उघडतात,
म्हणून गोष्टी सातला सोडायच्या,
हे मला संस्थेत शिकवलं.
पहिली ओळ टोचली पाहिजे,
तिसरीपर्यंत डोळे ओले,
आणि शेवटी खाते क्रमांक.

मागच्या मंगळवारी मी केराबाई सोडली.

तुर्भ्याच्या दाणा मार्केटात ट्रक रिकामे झाले की
हमालांच्या मागून ती खराटा घेऊन फिरते.
फाटक्या गोणीतून सांडलेली तूर, थोडा मसूर,
खडे, सुतळीचे तुकडे,
सगळं एका सुपात.
पाखडताना बोलत नाही.
तोंडात धूळ जाते, म्हणाली,
आणि मोजणी चुकते.
कसली मोजणी, ते मी विचारलं नाही.

नावाचंही तिनंच सांगितलं.
आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून तिसरीला जन्मल्याबरोबर
केरात ठेवलं आणि केरातून उचललं.
देवाला वाटलं पाहिजे, ही टाकलेलीच आहे.
पन्नास वर्षं झाली,
देव अजून फसलेला आहे.

रेवती मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण लांब आहे.
सुतळी काढली. देव काढला.
खराट्याचा झाडू झाला.
नाव बदला, म्हणाल्या, धोरण आहे आपलं.
मी तिला मीना केलं.
एका फोटोत ती हसत होती,
आम्ही दुसरा घेतला.

छत्तीस जणांनी अंगठा दिला.
त्याच आठवड्यात, जाता जाता टिपलेल्या
खाडीतल्या फ्लेमिंगोंना अकराशे.
फ्लेमिंगोंना कुणाकडून काही नको होतं,
त्यामुळेही असेल.

शुक्रवारी वर्गात
(वर्ग म्हणजे मार्केटमागची पत्र्याची खोली,
एक फळा, नऊ बायका, खाली तागाच्या गोण्या)
मी तिच्यापुढे फोन धरला.
तिनं हात पदराला पुसला.
बोट ठेवून ओळीओळीतून गेली,
पाखडताना असते तशी, ओठ मिटून.
मग पुन्हा पहिल्यापासून.
मला वाटलं, अडली.

"यात मी कुठाय?"

मी बोट ठेवलं. ही काय, ही तुम्ही.
तिनं अक्षर अक्षर फोडलं.
"मी. ना."
थांबली.
"बरोबर लिवलंय की. मी न्हाईच यात."

सहा महिने पाटी घासून
तिला डोळे मिटून लिहिता येतात अशी चार अक्षरं,
के, रा, बा, ई,
नेमकी तीच मी पुसली होती.

मी सुरक्षिततेबद्दल काहीतरी बोलले.
"माझं नाव कोण चोरतंय बाई?
ठेवलंच त्यासाठी."

मग मी, घाईत, सवयीनं,
म्हणजे आमच्याकडे सगळ्यांना म्हणतो तसं,
म्हटलं, बाकीचं आवडलं असेल तर इथं अंगठा दाबा.
आठ बायका एकदम हसल्या.
कारण त्या खोलीत पहिल्या दिवसापासून
खडूनं लिहिलेला एकच नियम आहे,
माझ्याच अक्षरात:
इथे अंगठा चालत नाही.

केराबाई हसली नाही.
"सही कुठं करायची?"

मी स्क्रीन वर नेली, खाली नेली.
खाते क्रमांक होता, पत्ता होता,
कर सवलतीची ओळ होती.
तिच्या बोटाएवढी जागा कुठे नव्हती.
शेवटी तिनंच कमरेची पिशवी सोडली,
काट्याची पावती काढली, उलटी केली,
आणि गुडघ्यावर धरून सावकाश सही केली.
ईचा तुरा कागदाबाहेर गेला,
थोडा गोणीवर उमटला.

पोस्ट मी रात्री काढून टाकली.
छत्तीस अंगठे गेले, कुणी विचारलंही नाही.

पावती माझ्या फोनच्या कव्हरमध्ये आहे.
मॅडम विचारतायत, या मंगळवारी सातला काय सोडायचं.
पुढच्या बाजूला छापलंय:
तूर, निव्वळ वजन बेचाळीस किलो.
मागची बाजू
मी अजून कुणाला दाखवलेली नाही.