पान पाचवं

डुलुथच्या कॉलेजात, खोली एकशे बारा.
बाहेर लोहखनिजाचं जहाज भोंगा देतं,
पूल वर उचलला जातो
आणि तुम्ही सगळे तिकडे बघता,
माझ्या हातातले सात-सात पानांचे
अजून कोमट असलेले गठ्ठे सोडून.

बघा. मीही बघते. जाऊ दे ते जहाज.

आता पहिलं पान.
भेटायची वेळ, बुधवारी दोन ते चार.
म्हणजे असं, की त्या दोन तासांत
मी सांगाड्याशेजारी एकटी बसते
आणि थर्मासमधली कॉफी संपत नाही.
कुणीतरी या.

हे मी ऑगस्टमध्ये लिहिलं, सरोवराकाठी,
तुमच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नसताना.
तरी ओळींमागे माणसं आहेत.
‘आजारी असाल तर आधी कळवा’ ही शुकरी,
ताप अंगावर काढून परीक्षेला आलेली,
मनगटाची आठ हाडं लिहिता लिहिता
पाचव्यावर कलंडली.
‘पेन्सिल चालेल’ ही मी,
एकोणीस वर्षांची, खाडाखोड करणारी.

आणि पान पाचवं, खालून तिसरी ओळ:
आठ चाचण्यांपैकी सर्वांत वाईट दोन
धरल्या जाणार नाहीत.
ही लिहिली तेव्हा कुणाचीच नव्हती.
आता डॅरल नीमीची आहे.

रात्रभर गोदीवर, सकाळी आठला वर्गात.
पहिल्या दोन चाचण्यांत भोपळा.
मग खुर्ची रिकामी.
मला वाटलं, सर्दी. मग वाटलं, पाळी बदलली असेल.
मी फोन केला नाही.
डिसेंबरात बाकाच्या खणात
त्याची प्रत सापडली, कोरी करकरीत,
पिनेपाशी साधी घडीही नाही.
त्याची सुटका आत छापलेली होती,
आणि तो स्वतःच स्वतःला
नापास करून निघून गेला.

मी तरी काय केलं होतं?
गठ्ठा वाटला, म्हटलं, घरी वाचा.
घरी कोण वाचतं?

म्हणून आज धडा नाही.
दोनशे सहा हाडं कुठे पळून जात नाहीत.
पेन्सिली काढा. अडाल तिथे रेघ मारा,
समासात लिहा, हे काय, हे का, हे अन्यायाचं आहे.
असेलही. सांगा मला.
पा न्हिया, तू वाच. पान पाचवं.
मोठ्याने. घाई नको.

मग घड्या घाला, खिशात कोंबा,
कॉफी सांडा त्याच्यावर.
डिसेंबरात एखादी प्रत खाली पडलेली मिळालीच,
तर ती मळलेली असू दे,
मला माझं अक्षरही
त्यात ओळखू येऊ नये.